फोन फेका म्हणता, मग ओटीपी कुठे घ्यायचा?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मोबाईलच्या व्यसनावर तुमच्या पेपरात अधूनमधून पत्रं येतच असतात आणि शेवट बहुतेक ठरलेला, मोबाईल बाजूला ठेवा, पुस्तक हातात घ्या, घरच्यांशी बोला. लिहिणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, त्यात वाद नाही. पण माझं चोपडा तालुक्यात छोटं कृषी केंद्र आहे, दुकानात बसलेल्या शेतकऱ्याला मी हे कोणत्या तोंडाने सांगू? सातबाऱ्यावर पीकपेरा लावायचा तर 2021 पासून ई-पीक पाहणीच्या ॲपवर, शेतात उभं राहून फोटो काढून. पीएम किसानची केवायसी मोबाईलवर, फार्मर आयडीचा ओटीपी मोबाईलवर. आणि 2025 च्या हंगामापासून सीसीआयला, म्हणजे हमीभावाने कापूस घेणाऱ्या सरकारी महामंडळाला, कापूस द्यायचा म्हटलं तर आधी कपास किसान ॲपवर नोंदणी, मग स्लॉट, मग कुठे गाडी भरायची. लांब धाग्याच्या कापसाला 8110 रुपये हमीभाव होता त्या हंगामात, आणि तिथपर्यंत जायचा रस्ता फोनमधूनच होता. त्यामुळे फोन फेका वगैरे बोलायला ठीक आहे, खान्देशातल्या शेतकऱ्याला ते परवडणारं नाही.

माझं म्हणणं वेगळं आहे. फोन वाईट नाही, काम नसताना उघडलेला फोन वाईट. दुकानात रोज बघतो ना. कोणीतरी शेतातून कपाशीचा फोटो पाठवतो, "दादा हे काय पडलं?" फोटो पानाच्या वरच्या बाजूचा असतो, मी म्हणतो पान उलटं कर आणि जवळून काढ, कारण मावा, तुडतुडे, पांढरी माशी सगळं खालच्या बाजूला बसलेलं असतं. दुसरा फोटो आला की लगेच कळतं. फूल नीट न उमलता गुलाबाच्या कळीसारखं मिटलेलं दिसलं तर डोमकळी, म्हणजे गुलाबी बोंडअळी आली, ताबडतोब बघायला पाहिजे. पूर्वी यासाठी माणूस पान खिशात घालून एसटीने यायचा आणि इथे पोचेपर्यंत पान सुकून त्याच्यावर काही दिसायचंच नाही. आता पाच मिनिटांत सल्ला मिळतो आणि नको ते औषध पण मारलं जात नाही (माझा धंदा थोडा कमी होतो, असो). पण तोच पोरगा फोटो पाठवून झाल्यावर पाठीवर पंप तसाच लटकवून बांधावर रिल्स बघत उभा राहतो आणि फवारणीची सकाळची वेळ निघून जाते, वारा सुटतो. फोन तोच, हात तोच. फोटो पाठवताना त्याच्याकडे प्रश्न होता, नंतर नव्हता, एवढाच फरक.

आणि याला नुसतं पोरांचा आळस म्हणून चालणार नाही. पूर्वी इंटरनेटवर पान संपायचं, पुढचं बघायला बटण दाबावं लागायचं, तेवढ्यात माणूस भानावर यायचा. 2006 मध्ये आझा रॅस्किन नावाच्या इंजिनिअरने न संपणाऱ्या पानाची कल्पना काढली आणि पुढे त्यानेच त्याबद्दल जाहीर पस्तावा पण व्यक्त केला. आपल्याकडे 29 जून 2020 ला टिकटॉक बंद झालं, सगळ्यांना वाटलं सुटलो, पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामचे रिल्स आले आणि सप्टेंबरात यूट्यूबचे शॉर्ट्स. दुकान बदललं, गिऱ्हाईक तेच. समोर एवढी हुशार माणसं पगार घेऊन बसलेली असताना आपण "मनावर ताबा ठेवा" सांगतो, कसा ठेवणार? सेटिंगवर ताबा ठेवा म्हणा, ते जमतं.

फोनमधल्या डिजिटल वेलबीइंगवर मात्र माझा फारसा भरवसा नाही. टायमर लावता येतो खरं, पण वेळ संपली की आपणच आत जाऊन तो काढून टाकतो, म्हणजे कुलूप लावून चावी कडीलाच अडकवून ठेवल्यासारखं. त्यापेक्षा नोटिफिकेशन बंद करा. नको असलेलं नोटिफिकेशन आलं की त्याच्यावर बोट दाबून धरायचं, तिथेच बंद करायचा पर्याय येतो. माझ्या फोनमध्ये माणसाचा कॉल, बँकेचा मेसेज आणि दामिनी एवढेच आवाज करतात. दामिनी म्हणजे पुण्याच्या आयआयटीएमचं वीज पडण्याचा इशारा देणारं ॲप, पावसाळ्यात शेतात असणाऱ्याने ते चालू ठेवलंच पाहिजे. बाकी सगळे मुके, मला वेळ झाला की मी त्यांच्याकडे जाईन. यूट्यूबवर वॉच हिस्टरी बंद करून जुनी पुसली की होम पेज रिकामं दिसतं, मग जे शोधायला गेलो तेवढंच शोधायचं आणि बाहेर. हवामानाचं पण तसंच, "महाराष्ट्रावर मोठं संकट" असं लाल अक्षरात लिहिलेले व्हिडिओ रोज चार बघण्यापेक्षा मेघदूत ॲपवर मंगळवारी आणि शुक्रवारी आपल्या जिल्ह्याचा कृषी सल्ला मराठीत येतो तो वाचा, पेरणी-फवारणीला तेवढं पुरतं.

आता गावाच्या ग्रुपबद्दल, खरं तर पत्र यासाठीच लिहायला घेतलं. शेतीपंपाची थ्री फेज लाईट या आठवड्यात दिवसा की रात्री, हा मेसेज आमच्याकडे व्हॉट्सॲपवर येतो. केळीचा भाव, नवतीचा (नव्या लागवडीचा) किती, पिलबागाचा (खोडव्याचा) किती, तो पण तिथेच. आणि नेमका तो मेसेज कोणाच्या तरी वाढदिवसाच्या केकांखाली, गुड मॉर्निंगच्या फुलांखाली आणि एका पुढाऱ्याच्या बॅनरखाली गाडलेला असतो. तो शोधायला वर वर सरकवत जायचं, मध्येच एखादा व्हिडिओ दिसतो, तो उघडतो, अर्धा तास गेला आणि लाईटचं बघायचं राहिलंच. मग रात्री शेजाऱ्याला फोन, "भाऊ, मोटर कधी चालू करायची रे?" याला उपाय फोनमध्येच आहे आणि फुकट आहे. ग्रुपच्या सेटिंगमध्ये फक्त ॲडमिनलाच मेसेज टाकता येईल असं करता येतं. ग्रामपंचायतीने, सोसायटीने, फीडरवाल्यांनी एक असा ग्रुप करावा, त्यात फक्त लाईट, पाणी, भाव, अर्जाची शेवटची तारीख. केक आणि फुलांसाठी दुसरा ग्रुप, तो ज्याने त्याने म्यूट करावा. आमच्या ॲडमिनला दोनदा सांगून बघितलं, तो म्हणतो लोकांना वाईट वाटेल. वाटू द्या.

पोलीस भरती आणि एमपीएससी करणाऱ्या पोरांना पण एक सांगायचंय. अभ्यासिकेत बसून टेलिग्रामवरून पीडीएफ गोळा करणं म्हणजे अभ्यास नाही. लेक्चर रात्री वायफायवर उतरवून घ्या आणि सकाळी फ्लाईट मोड लावून बघा, बघताना वहीत लिहा. कारण काहीही द्या, जिल्ह्याजिल्ह्याच्या नोट्सचे पन्नास चॅनल लागत नाहीत.

दुकानातली एक गंमत सांगतो. काउंटरवर एक बोलणारा डबा आहे, मोबाईलवरून पैसे आले की रक्कम मोठ्याने सांगतो. तरी माझा पुतण्या प्रत्येक वेळी मोबाईल उचलून खात्री करायचा आणि उचलला की पाच मिनिटं खाली ठेवायचाच नाही, गिऱ्हाईक युरियाची पिशवी धरून उभं. अमळनेरकडचे एक आबा नेहमी येतात, ते एक दिवस त्याला म्हणाले, "तो डबा बोलस ना रे भो, मंग मोबाईल काबर देखस?" (मग मोबाईल कशाला बघतोस?) पोरगा लाजला. आता काउंटरवर डबा आहे आणि मोबाईल आत गल्ल्यात असतो. हा डबा मला फार आवडतो, कामाचं तेवढं बोलतो आणि गप्प बसतो.

जाता जाता तुमचंही बोलून घेतो, राग मानू नका. तुमच्या पेपरचं ॲप माझ्याकडे आहे. सकाळपासून त्याचे मेसेज, "हे फोटो पाहून व्हाल थक्क", "या अभिनेत्रीने असं काय केलं". आत पानावर मोबाईलच्या व्यसनावर अग्रलेख आणि बाहेर हे. मी ते बंद करून टाकलंय. सीसीआयच्या नोंदणीची मुदत, तापी-गिरणेच्या पाण्याचं आवर्तन, केळीचा भाव आणि वादळाचा इशारा एवढंच पाठवणारा एखादा पर्याय तुमच्या ॲपमध्ये काढला तर त्याच दिवशी परत चालू करतो आणि दुकानात येणाऱ्या सगळ्यांच्या फोनमध्ये पण करून देतो.

आपला,
एक कृषी केंद्रवाला
ता. चोपडा, जि. जळगाव