मंडळाचे आवाहन : डायलिसिसचा हात बंद पडला, तर थांबायला वेळ नसतो

सप्रेम नमस्कार.

पंचवटीतल्या आपल्या मंडळाचे एक सभासद रोज चहाआधी डावं मनगट कानाला लावायचे. नवख्याला वाटे, घड्याळ बंद पडलंय. काका ऐकायचे फिस्टुला. डायलिसिससाठी हाताची धमनी आणि शीर जोडतात, तो जोड म्हणजे फिस्टुला. तिथे बोट ठेवलं की मांजर गुरगुरावं तशी थरथर लागते. गेल्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी ती लागलीच नाही.

शीर आतून अरुंद होत जाते आणि एक दिवस गुठळी होऊन हात बंद पडतो. वेळेत गाठलं तर इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट (पडद्यावर बघत नळीने उपचार करणारे डॉक्टर) हात न कापता, जागा बधिर करून, सुईच्या छिद्रातून बारीक तार आणि कॅथेटर म्हणजे बारीक नळी आत सारतात. पडद्यावर बघत अरुंद जागी बलून फुगवतात. हृदयाचा बलून घरोघरी ठाऊक आहे. पण नळी सारून रक्तवाहिनी मोकळी करण्याची सुरुवात १९६४ साली अमेरिकेत चार्ल्स डॉटर या रेडिओलॉजिस्टने केली, तीही पायापासून. बलूनने काम कायमचं होतंच असं नाही; काहींना काही महिन्यांनी पुन्हा करावा लागतो. तरी हात वाचतो.

काकांचा वाचला नाही. पैसे जमवण्यात तीन दिवस गेले. मग डायलिसिससाठी मानेत नळी, तिला जंतुसंसर्ग, हुडहुडी भरून ताप. आता फिस्टुला उजव्या हातात आहे आणि जेवण डाव्या हाताने.

डायलिसिसचा खर्च पुष्कळांचा जन आरोग्य योजनेतून भागतो. अडतं ते ऐन वेळी : कुणाचं रेशनकार्ड गावी, कुणाचा मुलगा द्राक्षाच्या छाटणीवर. म्हणून मंडळाने फिरता निधी सुरू केला आहे. यंदाच्या देखाव्याची निम्मी रक्कम त्यात टाकली. (कुरकुर झाली, होणारच.) पैसे थेट रुग्णालयात भरू, घरच्यांनी जमेल तसे परत करायचे, म्हणजे पुढच्याला मिळतील.

रोख किंवा मंडळाच्या नावाचा चेक कार्यालयात संध्याकाळी ६ ते ९ या वेळेत द्यावा. पावती घ्याच. ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी नाव नोंदवावं. पेठ-सुरगाण्याच्या रुग्णाला रात्री सावळघाटातून आणायला एसटी नसते.

आणि घरात कुणी डायलिसिसवर असेल तर रोज सकाळी हाताला बोट लावून बघा. थरथर लागली नाही, तर पुढच्या डायलिसिसच्या वाराची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा आणि आम्हालाही.

आपले,
मंडळाचे कार्यकर्ते, पंचवटी, नाशिक