रविवार पेठेतल्या बॅगवाल्या मामांना

ती. मामा यांना सा. न. वि. वि.

पत्राची सुरुवात अशी करायची असते हे शाळेत शिकवलं होतं, त्यानंतर आज पहिल्यांदा कामी येतंय. मोबाइलवर वाचायचा तुम्हाला कंटाळा, हे मला ठाऊक आहे. शेजारचे झेरॉक्सवाले वाचून दाखवतील, त्यांना तसं सांगून ठेवलंय. आणि हे सगळ्यांसमोर लिहितेय, कारण तुम्ही आम्हाला झापलं होतं तेही सगळ्यांसमोरच.

ओळख पटत नसेल तर सांगते. दिवाळी संपून चार-पाच दिवस झाले होते. संध्याकाळी सातच्या सुमाराला दोन मुली दोन सॅक घेऊन तुमच्या दुकानात आल्या. एक चष्मेवाली, दुसरी फार बोलणारी. फार बोलणारी ती मी. निळ्या सॅकच्या चेनचा रनर गेला होता, तेवढाच बदलून हवा होता. दोन दिवसांनी आम्ही व्हिएतनामला निघणार होतो, दोघींचीही परदेशाची पहिलीच खेप.

तुम्ही रनर बघायच्या आधी सॅक उचललीत आणि तशीच खाली ठेवलीत. "पोरींनो, संसार मांडायला चाललाय का?" मग शेजारच्या रद्दीवाल्याचा ताणकाटा आणवलात. माझी साडेतेरा किलो, चष्मेवालीची अकरा. मी रुबाबात सांगितलं की तिकीट स्वस्तातलं आहे, हातातल्या सामानाला ७ किलोची मर्यादा आहे, वर होईल त्याचे पैसे भरू.

"विमानाला पैसे भराल, खांद्याला काय भराल?"

यावर मला उत्तर सुचलं नाही. असं क्वचित होतं.

मग तुम्ही दुकानाच्या पायरीवर एक जुना फ्लेक्स अंथरलात, कुणाच्या तरी वाढदिवसाचा. त्या भाऊंच्या हसऱ्या चेहऱ्यावर आमचे कपडे, शाम्पूची मोठी बाटली, दोन जीन्स, केसांचा ड्रायर, आईनं दिलेला दीड किलो चिवडा असं एकेक बाहेर आलं. येणारे-जाणारे थांबून बघत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. तुम्ही शांतपणे तीन ढीग केलेत: लागणारं, लागेल असं वाटणारं, आणि लोक काय म्हणतील म्हणून घेतलेलं. तिसरा ढीग सगळ्यात मोठा निघाला. मागचे दोन्ही ढीग एका पोत्यात भरून, तोंड सुतळीनं बांधून तुम्ही माळ्यावर टाकलेत. परत आल्यावर न्या म्हणालात.

वारी चालणाऱ्या माणसाशी वाद घालून उपयोग नसतो. आळंदी ते पंढरपूर अडीचशेच्या आसपास किलोमीटर, ते एका पिशवीवर. "एक अंगात, एक पिशवीत, एक दोरीवर वाळत. चौथा कपडा कुणासाठी?" दिवे घाटात माणूस आधी घाम गाळतो आणि मग सामान, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा चष्मेवाली हसली होती. नंतर तीच सगळ्यात जास्त वेळा हे वाक्य म्हणाली.

रनर बदललात, चेनवर मेणबत्ती घासलीत. पट्टा जिथे सॅकला जोडलेला असतो तिथे चौकोनी टीप मारून मधे फुली मारलीत, म्हणजे ओढ सगळीकडे सारखी वाटली जाते म्हणून. आमच्या दोन्ही पँटींना आतून चोरखिसे शिवलेत. दाभण विमानात नेऊ देणार नाहीत म्हणून एक जाड सुई दिलीत, आणि काडेपेटीच्या पुठ्ठ्याला गुंडाळलेला मेणाचा दोरा. सगळ्याचे मिळून १२० रुपये.

आता आभाराआधी कबुली. तुम्ही चहा आणायला गेलात तेव्हा मी ड्रायर पोत्यातून काढून सॅकमध्ये परत टाकला. मुंबईच्या विमानतळावर माझी सॅक ७.४ भरली. तो ड्रायर चष्मेवालीनं जॅकेटच्या खिशात कोंबला आणि एका बाजूला कलून रांगेत उभी राहिली. हनोईच्या हॉस्टेलवर न्हाणीघरात भिंतीलाच ड्रायर लावलेला होता. पुढे महाराजांनी आमच्या खर्चानं दोन आठवडे देश पाहिला.

तर हनोई. विमानतळावरून गावात ८६ नंबरची बस जाते. आपल्या स्वारगेटला उतरल्यासारखं तिनं आम्हाला जुन्या गावात सोडलं. हॉस्टेल शोधून काढलं, तर खोली उद्यापासून! विमान मध्यरात्रीचं, उतरायचं सकाळी, आणि त्या हिशेबात मी तारीख चुकवली होती. आज एकही खाट रिकामी नव्हती. चष्मेवाली काहीच बोलली नाही. तिचं न बोलणं फार महाग पडतं.

अडीच तास आम्ही सॅक पाठीला लावून फिरलो. तुम्ही दाखवलं होतं तसं आधी कमरेचा पट्टा हाडावर आवळला, मग खांद्याचे. जड वस्तू मधोमध आणि पाठीला चिकटून. ओझं खांद्यानं नाही, कमरेनं उचलायचं, हे तुमच्या दुकानात पटलं नव्हतं, तिथे दुसऱ्याच चौकात पटलं. आमच्यासारखीच एक परदेशी जोडी समोरून येत होती. त्यातल्या मुलीच्या पाठीवर एक सॅक, पोटावर दुसरी, आणि चेहरा रडवेला. मी साडेतेरा किलो घेऊन आले असते तर तिच्याशेजारी फूटपाथवर बसून मीही गळा काढला असता. त्या अडीच तासांसाठी मी तुमची जन्माची ऋणी आहे. बाकीचं पत्र कंटाळवाणं वाटलं तर झेरॉक्सवाल्यांनी इथेच थांबायला हरकत नाही.

पण थांबू नका, गल्ल्यांचं सांगायचंय. ते जुनं गाव म्हणजे आपल्या पेठाच. छत्तीस गल्ल्यांचं गाव म्हणतात त्याला. गल्लीचं नाव 'हांग' अमुक, हांग म्हणजे माल. चांदीची गल्ली, रेशमाची गल्ली, कागदाच्या पूजासामानाची गल्ली. आपल्याकडे तांबट आळी, बोहरी आळी, तसंच. पत्र्याच्या गल्लीत आजही पत्रे ठोकणारे बसलेले आहेत. आम्ही वळलो आणि तो ठक-ठक आवाज कानावर आला, तेव्हा चष्मेवाली सकाळपासून पहिल्यांदा बोलली: "कसब्यात आल्यासारखं वाटतंय." तिचं आजोळ तांबट आळीच्या मागे. त्याच गल्लीच्या पुढच्या वळणावर आम्हाला खोली मिळाली. चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. सात किलो, म्हणून चढलो.

दुचाक्यांचं काही कौतुक वाटलं नाही. पुण्याच्या पोरींना दुचाक्या काय दाखवता? रस्ता ओलांडताना मात्र तिथला नियम वेगळा. पाय टाकला की एकाच संथ चालीनं चालत राहायचं, दचकून थांबायचं नाही आणि पळायचं तर मुळीच नाही. गाड्या आपल्या दोन्ही बाजूंनी पाण्यासारख्या निघून जातात. लक्ष्मी रस्त्यावर आपण नेमकं उलटं करतो.

संध्याकाळी तळ्याकाठी कावड घेतलेली एक बाई भेटली. अगदी आपली कावड, बांबू आणि दोन टोकांना दोन टोपल्या. एकीत अननस, दुसरीत सुरी, पिशव्या, पाण्याची बाटली. तिनं हसत कावड चष्मेवालीच्या खांद्यावर ठेवली, फोटो काढा म्हणून. चष्मेवाली जागच्या जागी वाकली. ती बाई मात्र चालायची तेव्हा बांबू वर-खाली लवायचा आणि तिचं पाऊल बरोबर तो वर जाताना पडायचं, म्हणजे तेवढा क्षण ओझं हलकं. मी बराच वेळ तिच्या पायांकडेच बघत होते. तुम्ही असता तर तिच्याशी तासभर बोलला असता, भाषा येवो न येवो.

अननसाचे पैसे मी दिले. तिथे २० हजार डोंगची नोट निळी आणि ५ लाखांचीही निळीच, दोन्हींवर हो चि मिन्ह. पहिली म्हणजे आपले ६५-७० रुपये, दुसरी १६००-१७००. अंधार पडत आलेला, मी निळी नोट दिली आणि निघाले. खोलीवर हिशेब लागेना तेव्हा उजेड पडला. तिच्या लक्षात आलं होतं की नाही, देव जाणे. तुम्ही शिवताना स्पष्ट सांगितलं होतं: "मोठी नोट आत, सुट्टे बाहेर. सुट्टे काढताना मोठी नोट उजेडात येता कामा नये." आम्ही चोरखिशात नुसते पासपोर्ट ठेवून सगळ्या नोटा एकाच पाकिटात कोंबल्या होत्या. त्या रात्री खाटेवर बसून नोटा निवडल्या, एक लाखापासून वरच्या सगळ्या आत. पुढच्या सोळा दिवसांत एकदाही चूक झाली नाही. म्हणजे तुमचा खिसा शिवल्यापासून चौथ्या दिवशी सुरू झाला, असं समजा.

आता बुटांचं. हे चष्मेवालीनं लिहायला हवं होतं, पण ती लिहीत नाही. तुम्ही तिचे ट्रेकिंगचे बूट हातात घेऊन तळाशी अंगठा दाबलात आणि विचारलंत, किती वर्षं घातले नाहीत? चार वर्षं, माळ्यावर, डब्यात. "मग हे फुटणार. वापरला नाही की जास्त लवकर फुटतो." तिला ते पटलं नाही. नवेकोरे दिसत होते. नंतर मी शोधून पाहिलं तेव्हा तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं निघालं. तळव्यात जो फोमसारखा पॉलियुरेथेनचा थर असतो तो हवेतल्या ओलाव्यानं आतून कुजत जातो, आणि नुसते पडून राहिलेले बूट एक दिवस अचानक भुगा होतात.

तो दिवस तिसरा होता आणि जागा लाँग बिएन पूल. फ्रेंचांनी बांधलेला, १९०३ मध्ये खुला झालेला, अमेरिकेच्या बाँबफेकीत अनेकदा तुटलेला आणि पुन्हा सांधलेला लोखंडी पूल. मधून आगगाडी, कडेनं दुचाक्या आणि पायवाट. खाली लाल नदी, नावाप्रमाणे मातकट. बरोबर मधोमध चष्मेवालीच्या उजव्या बुटाचा तळवा अर्धा सुटला. तो मगरीसारखा आ वासून फटक-फटक करायला लागला. सुईचा उपयोग नव्हता, टोचलं की नुसता भुगा पडायचा. मग तुमचा मेणाचा दोरा दुहेरी घेतला, बुटाला खालून-वरून सात वेढे दिले, घोट्यामागे गाठ मारली. तो दोरा तिथून गावापर्यंत एकदाही घसरला नाही. एक म्हातारेबुवा सायकल थांबवून बघत राहिले, गाठीकडे बोट दाखवून अंगठा वर केला आणि गेले. ही शाबासकी तुमची आहे, म्हणून पोचवतेय.

तळ्याजवळ बुटांच्या दुकानांची एक अख्खी गल्ली आहे, तिथे तिनं सँडल घेतले. बुटांना चिकटलेला दोरा सोडवून परत पुठ्ठ्याला गुंडाळला, हे तुम्हाला आवडेल.

एक गंमत राहिली. चष्मेवाली शाकाहारी, आणि तिथे माशाचं पाणी भाजीतसुद्धा घालतात. शाकाहारी म्हणजे त्यांच्याकडे 'चाय'. आणि चहाला हनोईचे लोक म्हणतात 'चा'. त्यामुळे पहिल्या सकाळी आम्ही टपरीवर "चाय, चाय" म्हणत बसलो आणि त्या बाईनं आम्हाला हाताला धरून कोपऱ्यावरच्या खाणावळीत नेऊन बसवलं. सकाळी सात वाजता भात, टोफू आणि तीन भाज्या. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी तिथले पुष्कळ लोक नेमानं 'चाय' खातात. आमच्या मुक्कामात त्रिपुरी पौर्णिमा आली, त्या दिवशी ती खाणावळ ओसंडून वाहत होती. तुमच्या एकादशीची आठवण निघाली. उपासाला साबुदाणा असतो असं खाणावळवालीला खुणेनं सांगायचा प्रयत्न केला, तो फसला.

पोतं मिळालं. सुतळीची गाठ जशीच्या तशी होती, फक्त चिवडा वर काढून तुम्ही संपवलात. बरं केलंत, राहिला असता तर खवट झाला असता. आईला मी तो हनोईत संपला असं सांगितलंय, तेवढं वाक्य झेरॉक्सवाल्यांनी हळू वाचावं. पोत्यात काय काय होतं हे आम्हाला दोघींनाही उघडेपर्यंत आठवत नव्हतं.

सोबत पाकिटात दोन हजार डोंगची एक नोट आहे. किंमत काही नाही, आपले सहा-सात रुपये. तुमच्या मशीनच्या वर विठोबाची तसबीर आहे, तिच्या चौकटीत खोचायला.

आणि एक काम. निळ्या सॅकचा पट्टा उसवलाय. तुम्ही फुली मारलेला नाही, दुसरा, ज्याला मी "राहू द्या, तो चांगला आहे" म्हणाले होते तो. शनिवारी घेऊन येते. येत्या आषाढी वारीत माउलींची पालखी पुण्यातून निघेल तेव्हा सासवडपर्यंत तुमच्याबरोबर चालायचं आम्ही ठरवलंय, म्हणून पिशव्या भरूनच आणू. ताणकाटा मागून ठेवा.

तुमच्या,
फार बोलणारी आणि चष्मेवाली