सूचना : रोटाव्हेटर परत आणताना ग्रीस मारूनच आणा

अवजार बँकेच्या सर्व सभासदांसाठी. ट्रॅक्टर बंद करून चावी काढल्याशिवाय पीटीओ शाफ्टला (ट्रॅक्टरची ताकद रोटाव्हेटरला देणारा फिरता दांडा) हात लावू नये. शाफ्टच्या दोन्ही क्रॉसना (अधिकच्या चिन्हासारखे सांधे) दर 8 तासांच्या कामानंतर ग्रीस द्यायचे. आधी निपल (ग्रीस भरायचे तोंड) फडक्याने पुसा. नाहीतर निपलवरची माती ग्रीसबरोबर थेट आत जाते आणि क्रॉसच्या सुया (आतल्या बेअरिंगच्या बारीक सळ्या) खाते. क्रॉसच्या चारही टोपणांच्या कडेने जुने काळे ग्रीस बाहेर येऊन नवे दिसू लागले की थांबा. एखाद्या टोपणातून येत नसेल तर तिकडची वाट बुजली आहे, तसे वहीत लिहा.

रोटरच्या (पाती बसवलेला फिरता भाग) बाजूच्या बेअरिंगला मात्र ग्रीस गनचे दोन-तीन दाबच. तिथे जोर लावला की सील उचलते आणि चिखल आत शिरतो. 'जास्त ग्रीस म्हणजे जास्त चांगले' हे इथे खोटे.

गन नुसती हलते, ग्रीस येत नाही? हवा अडकली आहे. डोके अर्धा आटा सैल करून दांडा मारा, बुडबुडे थांबले की आवळा.

लिथियमचे 2 नंबरचेच (नंबर घट्टपणाचा) ग्रीस वापरा. दुसरे मिसळले की कधीकधी पातळ होऊन गळते. गिअरबॉक्समध्ये ग्रीस भरू नये, तिथे ऑईलच.