पुन्हा गज धरताना

दादर, मुंबई

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

आईपाशी फोनवर फणफणलास ते कळलं. एवढी बक्षिसं मिळवलेल्या मुलाला नव्या गुरुजींनी राग बंद करून नुसत्या 'सा'वर बसवलं, व्हायोलिनचा गज कसा धरायचा इथपासून सुरुवात केली, म्हणजे तुझा अपमान झाला म्हणे!

येहुदी मेन्युहिन या व्हायोलिनवादकाचं नाव तू ऐकलंयस. सातव्या वर्षी तो सॅन फ्रान्सिस्को सिम्फनी या वाद्यवृंदाबरोबर वाजवत होता. १९३२ साली, सोळाव्या वर्षी, खुद्द इंग्रज संगीतकार एल्गारच्या संचालनाखाली एल्गारचाच कन्चेर्टो, म्हणजे व्हायोलिन आणि वाद्यवृंदासाठीची रचना, त्याने ध्वनिमुद्रित केला. तो एकदा ऐकच. मी लोकलमध्ये ऐकतो, दोनदा स्टेशन चुकलंय. पण हे सगळं त्याला आपसूक आलेलं. महायुद्धात सैनिकांसाठी शेकडो कार्यक्रम करून अंग आंबलं, आणि आपला हात नेमका चालतो कसा हेच आपल्याला ठाऊक नाही, हे तेव्हा त्याच्या लक्षात आलं. एवढं नाव कमावलेला माणूस मग गज धरण्यापासून शिकू लागला.

१९५२ मध्ये नेहरूंच्या निमंत्रणावरून तो भारतात आला. इथे मुंबईत त्याला भेटायला पुण्याहून योगगुरू बी. के. एस. अय्यंगार आले. मेन्युहिन इतका दमलेला, की पाचच मिनिटं देतो म्हणाला. अय्यंगारांनी त्याला शवासनात झोपवलं, तर गडी चक्क गाढ झोपला! उठल्यावर पुढे दोनेक तास दोघांचं आसनं, श्वास हेच चाललेलं. दोन वर्षांनी त्याने त्यांना स्वित्झर्लंडला बोलावून घेतलं आणि एक घड्याळ दिलं. मागे कोरलेलं, 'माझ्या सर्वोत्तम व्हायोलिन-शिक्षकास'. अय्यंगारांनी त्याला एक सूरही शिकवला नव्हता, हं.

आता तुझ्यापासून लपवत नाही. त्याचं नंतरचं वादन लहानपणाइतकं निर्दोष राहिलं नाही, असं बरेच जाणकार म्हणतात. मलाही १९३२ चंच जास्त आवडतं. म्हणजे पुन्हा पहिल्यापासून शिकलं की हात हमखास सुधारतो, असं मी काही लिहून देणार नाही.

पण तुझा उजवा खांदा दुखतो, हे तू गुरुजींना सांगितलेलं नाहीस, आईला सांगितलंस. ते आधी त्यांना सांग. कदाचित त्यांनी ते पाहूनच गज धरायची पद्धत बदलायला लावली असेल.

राळ आणि तारा कुरियरने पाठवतोय. डबा वेळेवर खात जा.

तुझा,
बाबा