नवे संगीत, जुने चित्र

संपादक महोदय,

गाळलेली दृश्ये जोडून, वर नवे पार्श्वसंगीत चढवून जुन्या चित्रपटांच्या वाढीव आवृत्त्या निघतात. कोल्हापूरच्या प्रेक्षकाला असला सांधा लगेच कळतो. संवाद, संगीत, इफेक्ट्स यांचे ट्रॅक वेगळे जपलेले नसतील, तर जुन्या संगीताबरोबर पावलांचे, दाराचे आवाजही जातात. मग फोली, म्हणजे असे आवाज चित्र बघत काढून मुद्रित करण्याचे काम, पुन्हा करावी लागते. दृश्य लांबले म्हणून तीच धून नुसती पुन्हापुन्हा फिरवू नये. कट समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर हवा, सुराची आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, पुढच्या शॉटवर विरू द्यावी. सेकंदाला २५ फ्रेमच्या (चौकटींच्या) वेगाने चालणाऱ्या टेपवरचा आवाज ४ टक्के संथ न करता २४ फ्रेमच्या चित्राला लावला, तर मिनिटाला २.४ सेकंदांची तफावत पडते आणि सूरही चढाच राहतो. मूळ शांततेत व्हायोलिने भरणे हा तर निव्वळ आगाऊपणा! निर्मात्यांनी मूळ ट्रॅकचाही पर्याय द्यावा.

– काही ध्वनिसंकलक, कोल्हापूर