एडका दिसतो, कास कोण पाहतो?

संपादक महोदय,

आपल्याकडे एडका बाकदार नाक आणि उंचीवर विकला जातो. कळपाचे उत्पन्न मात्र मेंढीवर ठरते : ती दरवर्षी गाभण राहते का, कोकरे स्वतः जगवते का.

पैदाशीसाठी सगळ्यात वजनदार कोकरू ठेवण्याची चूक सर्रास होते. ते बहुधा एकटे जन्मलेले असते. तेच ठेवत गेल्यास जुळ्यांचा गुण कळपातून निघून जातो. त्यापेक्षा जिने नुसत्या चरण्यावर दोन्ही पिल्ले वाढवली, तिचे मादी कोकरू ठेवा. कास हाताने चाचपा. एक बाजू दगडासारखी लागते का, किंवा सड नवजात कोकराच्या तोंडात मावणार नाहीत इतके बाटलीसारखे जाड आहेत का, ते पाहा. अशी मेंढी काढून टाका.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या गारोळ मेंढीतला जुळ्यांचा जनुक आपल्या दख्खनी मेंढीत आणून ‘नारी सुवर्णा’ ही जात तयार केली. या जनुकाची एक प्रत पुरेशी आहे. दोन प्रतींनी तिळी वाढतात आणि दूध पुरत नाही.

एडका लावण्याआधी दोन-तीन आठवडे मेंढीला रोज 200-250 ग्रॅम मका द्यावा. पंचवीस-तीस मेंढ्यांना एक एडका पुरतो, पण दोन वर्षांनी तो बदलावाच, नाहीतर बापाची लेकीशी गाठ पडते. आंत्रविषाराची (आतड्यात विष तयार होणाऱ्या रोगाची) लस विण्याआधी महिनाभर टोचली, तर चिकातून कोकरालाही संरक्षण मिळते.

– एक मेंढपाळ, कागल (जि. कोल्हापूर)