बोलीला हसणं थांबवा

महोदय,

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा आनंद आहेच. पण वऱ्हाडातला विद्यार्थी पुण्यातल्या वर्गात उठून ‘सर, मले हे समजलं नाही’ म्हणतो, तेव्हा मागच्या बाकांवरून हसू फुटतं ते काही थांबलेलं नाही. माझ्या भाच्याने पहिलं वर्ष शंका न विचारताच काढलं. ‘डोळा’चा ‘डोया’, ‘पाणी’चं ‘पानी’ हे उच्चार बोलीच्या नियमानेच होतात. ते अशुद्ध ठरतात बोलणाऱ्याच्या गावावरून, जातीवरून आणि खिशावरून. तोच मुलगा सुट्टीत घरी ‘मला, तुला’ बोलू लागला की पारावरचे मित्र विचारतात, ‘मोठा पुनेकर झाला का बे?’ बोली सोडली तर आपली माणसं दुरावतात, धरून ठेवली तर मुलाखतीत छाप पडत नाही. ही कोंडी पोरांनी का सोसायची? बहिणाबाईंच्या खानदेशी कविता वर्गात कौतुकाने शिकवायच्या आणि त्याच वळणाने बोलणाऱ्या मुलीला टोकायचं, हे मुळीच पटत नाही. शिक्षक प्रशिक्षणात बोलींची ओळख सक्तीची करावी आणि तोंडी परीक्षेत निव्वळ उच्चारांवरून कुणाचेही गुण कापू नयेत.

– एक वाचक, अकोला